गीताबाईंची मापाची वही

गीताबाईंना गिऱ्हाइकांची नावं माहीत नसायची, मापं माहीत असायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे पोलिसांनी याच एका गोष्टीवरून त्यांना उडवून लावलं.

१९९३ साली आम्ही पुण्याहून हैदराबादला आलो. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, नव्याने निघालेल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती आणि आम्ही बरकतपुऱ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. पहिल्या चार महिन्यांत इथल्या दोन शिंप्यांनी माझे पाच ब्लाउज कामातून घालवले. मी फणफणत होते, तेव्हा शेजारणीने पत्ता दिला : नारायणगुड्याला शाळेमागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर एक मराठी बाई आहे, हात चांगला आहे, तोंड कमी आहे.

शेजारीण म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. दीड खोलीचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खिडकीशी पायाचं मशीन, मध्ये एक पडदा. त्या पडद्यामागे आम्ही बायका ब्लाउज घालून बघायचो. गीताबाई मूळच्या देगलूरकडच्या. नवरा निवृत्ती, बस डेपोत मेकॅनिक, चालताना पायांचा आवाज येणार नाही इतका गरीब माणूस. पहिली दोन वर्षं मी त्या घरात पाणी प्यायले नाही. मला तहान लागलेली नाही, असं मी स्वतःला सांगायची. आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहून ठेवते.

त्यांच्याकडे एक लांबलचक वही होती. एका गिऱ्हाइकाला एक पान. पानावर मापं, तारीख आणि टाचणीने लावलेली त्या त्या कापडाची पट्टी, म्हणजे कुठलं कापड कुणाचं यावरून नंतर भांडण नको. वर नाव नाहीच. नावाच्या जागी ‘चष्मा’, ‘बँक’, ‘हसरी’, ‘जुळ्याची आई’ असलं काहीतरी. मी ‘पुणे’ होते. एकदा मी विचारलं, की सरळ नावं का लिहीत नाही?

“नाव म्या इसरते, ताई. माप इसरत न्हाई,” त्या म्हणाल्या. “आन बाईचं नाव लग्नात बदलतंय. पाठ बदलतीय का?”

त्यांची आणखी एक खोड होती. ब्लाउजचा सगळ्यांत खालचा हुक त्या उलटा लावायच्या. वाकून काम करणाऱ्या बाईचा ब्लाउज खालून सुटतो, तसा सुटू नये म्हणून. सगळ्या शहरात असा हुक लावणारं दुसरं कुणी मी पाहिलं नाही.

जानेवारी १९९५. मी पडद्यामागे होते. तिथे एक तेलुगू मुलगी आली, बावीस-तेवीस वर्षांची, काळीसावळी, काटकुळी. वहीत ती ‘दवाखाना’ होती, कारण कुठल्यातरी नर्सिंग होममध्ये आया म्हणून काम करायची. तिने दोन ब्लाउज शिवायला टाकले होते, एक पोपटी आणि एक जांभळा. पोपटी तयार होता. पेशंट उचलून उचलून तिचा डावा खांदा अर्धा इंच उतरला होता, म्हणून गीताबाईंनी तो खांदा वेगळा कापला होता. आयुष्यात पहिल्यांदा अस्तराचा ब्लाउज अंगात घातला होता तिने. तो काढायलाच तयार होईना. आरसा एवढासा, त्यात आधी एक खांदा बघितला, मग दुसरा, आणि दोन्ही सारखे दिसतात म्हणून खुदखुदत राहिली.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग जिन्यावर पावलं वाजली आणि एका माणसाने सरळ पडदा बाजूला केला. मी अर्धवट कपड्यांत. ओरडले. त्याने माझ्याकडे बघितलं, मान वळवली नाही, माफी मागितली नाही. डाव्या भुवईतून आरपार गेलेला जुना व्रण. त्याने मुलीचं कोपर धरलं, तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि तिला घेऊन गेला. जाता जाता ती गीताबाईंना बोटांनी खूण करून गेली, जांभळा शनिवारी नेते म्हणून. त्या माणसाचा चेहरा गीताबाईंपेक्षा मी जवळून पाहिला होता.

शनिवारी ती आली नाही. पुढच्या शनिवारीही आली नाही.

दहा-बारा दिवसांनी बस स्टॉपच्या भिंतीवर पोलिसांचा कागद लागला. मुसी नदीच्या काठी एका बाईचं प्रेत सापडलं होतं, गळा आवळलेला, चेहरा ओळखू येण्यासारखा नाही. वय अंदाजे पंचवीस. ओळखणाऱ्याने ठाण्यात कळवावं, कळवणाऱ्याचं नाव गुप्त राखलं जाईल. खाली फोटो : वर्तमानपत्रावर पसरलेली साडी, एक चप्पल आणि पाठ वर करून ठेवलेला ब्लाउज. गीताबाईंना तेलुगू वाचता येत नव्हतं. त्यांनी फोटोतला खांदा वाचला.

नदीकाठचं ते ठाणं कुठलं हे मी लिहीत नाही; लिहून कुणाचं काय वाकडं होणार आहे? गीताबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा दारावरचा शिपाई म्हणाला, “रेपु रा, अम्मा.” म्हणजे उद्या ये. उद्या गेल्या, तर साहेब बंदोबस्ताला. कारखाने घालायला परदेशी पाहुणे यायचे होते, म्हणून निम्मं ठाणं रस्त्यावर पताका सांभाळत उभं होतं. दहापासून चारपर्यंत त्या बाकावर बसल्या आणि परत आल्या. तिसऱ्या खेपेला मुद्देमालाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता. कागद लावायला यांच्याकडे माणसं होती, कागद वाचून आलेल्या बाईचं ऐकायला एकही नव्हता.

तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. पहिल्यांदाच आमच्या घरी आल्या, आणि दारातच उभ्या राहिल्या.

“ताई, तुमी चला संगं. तुमचं ऐकतील त्ये. आन तुमीबी बगितलाय न्हवं त्याला.”

मी लगेच हो म्हणाले. जेवताना श्रीकांतला सांगितलं, तर त्याने घास खाली ठेवला. “सोबत जा हवं तर. पण तू काही पाहिलेलं नाहीस,” तो म्हणाला. “एकदा साक्षीत नाव गेलं की दहा वर्षं कोर्टाच्या चकरा. परकं गाव आहे, मंगला. तो माणूस कोण आहे, त्याच्या मागे कोण आहेत, आपल्याला माहीत आहे का?” मी त्याच्यावर चिडले, ताट आपटलं, दोन शब्द टाकून बोलले. पण आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याने नाही म्हणावं म्हणूनच मी त्याला विचारलं होतं.

ठाण्यात माझी पर्स आणि चष्मा बघून खुर्ची मिळाली. गीताबाई उभ्याच. किल्लीवाला हजर होता. गाठोडं सोडलं, ब्लाउज टेबलावर आला. पोपटी कसला, चिखलाने तपकिरी झालेला. मी खुर्ची जरा मागे घेतली. गीताबाईंनी मात्र तो हातात घेतला, उलटा केला आणि खालचा हुक इन्स्पेक्टरच्या डोळ्यांपुढे धरला. मग गळ्यातली टेप काढली आणि साहेबाच्या टेबलावर, साहेबाच्या फायली बाजूला सारून, दोन्ही खांदे मोजले. डावा अर्धा इंच उतरता. वही उघडली, पान दाखवलं : डावा अर्धा इंच उतरता. शेवटी शिवणीच्या आत जी माया, जादा कापड, सोडलेली असते ती उसवून दाखवली. आत चिखल पोचला नव्हता. तिथलं कापड आणि टाचणीची पट्टी, दोन्ही तेच पोपटी. हवालदारसुद्धा वाकून बघायला लागला. मी मनात म्हटलं, आता यांना उठावंच लागेल.

“नाम?” इन्स्पेक्टरने विचारलं.

“नाम नै मालूम, साब.”

“पता?”

“दवाखाने में आया थी, साब. नारायणगुडा के बाजू कैं तो.”

“कौन सा दवाखाना?”

“वो नै मालूम.”

इन्स्पेक्टर खुर्चीत मागे रेलला आणि हसला. “छाती का नाप मालूम, नाम नै मालूम! क्या अम्मा, हुक देख के खून का केस खोलते क्या हम? या इनाम के वास्ते आए?”

गीताबाईंचा चेहरा हलला नाही. “साब, नाम दवाखाने में मिलता. पूछे तो मिलता. और एक आदमी था स्कूटर पे, भौं पे निशान है. मैं नै बोलती उसने मारा. खाली उसकू पूछो बोलती.”

“उसको और किसने देखा?”

गीताबाईंनी माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. तोंडात टाचण्या धरून, मी हात वर करायची वाट बघत त्या जशा थांबायच्या, तशा थांबल्या होत्या. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. माझी दातखीळ बसली होती असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खरं नाही. मी बोलले. नीट, शुद्ध हिंदीत बोलले : “मैं तो सिर्फ़ इनके साथ आई हूँ.”

इन्स्पेक्टरने वहीतलं ते पान पट्टीसकट टरकावलं आणि फायलीत ठेवलं. पावती नाही, पंचनामा नाही. मी शिकलेली बाई शेजारी बसले होते, मला तरी मागायचं सुचायला हवं होतं. गीताबाईंना वाटलं, सरकारी फायलीत गेलेला कागद म्हणजे घरच्यापेक्षा सुरक्षित. बसमध्ये त्या माझ्याशी एक अक्षर वाईट बोलल्या नाहीत. उलट उतरताना म्हणाल्या, “तुमी आल्या म्हनून खुर्चीपातुर तरी गेलो, ताई.”

आठ दिवसांनी पोलीस खरंच आले, पण दवाखान्यात नाही आणि स्कूटरवाल्याकडेही नाही. ते निवृत्तीच्या डेपोत गेले. मेलेल्या बाईला ओळखणारं एकच घर त्यांना सापडलं होतं, आणि त्या घरात एक पुरुष होता. झाला तपास. दोन दिवस त्या माणसाला बाकावर बसवून ठेवलं. तुझं तिचं काय होतं, बायको शिवायला बसली की तू पडद्याशी काय करायचास, असले प्रश्न. काहीच सापडलं नाही तेव्हा सोडलं. डेपोत मात्र त्याला मेमो मिळाला आणि पुढे कित्येक महिने सोबतचे लोक त्याला बघून डोळे मिचकावत. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, “गीते, आता बास कर.”

गीताबाईंनी ऐकलं नाही. खुंटीवरचा जांभळा ब्लाउज पिशवीत घालून त्या एकेक नर्सिंग होम पायाखाली घालायला लागल्या. फाटकाशी उभं राहायचं, आया बाहेर पडल्या की ब्लाउज दाखवायचा आणि स्वतःचा डावा खांदा खाली करून दाखवायचा. लोक हसायचे. सहाव्या ठिकाणी एका म्हाताऱ्या आयाने तो ब्लाउज हातात घेतला, अंगठ्याने खांदा चाचपला आणि म्हणाली, “पद्मावती.” आत ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, की ती काम सोडून गावी गेली. बाकीचं म्हातारीनेच सांगितलं : आया पुरवायचं कंत्राट होतं, खेड्यातून मुली आणणारा सुपरवायझर होता, त्याच्याकडे स्कूटर होती. नर्सिंग होमला मुलगी कोण याच्याशी देणंघेणं नव्हतं, एक गेली की तो दुसरी आणून द्यायचा. त्याचं नाव काय, असं विचारल्यावर म्हातारीने ब्लाउज परत दिला आणि आत निघून गेली.

जे पोलिसांनी एका सकाळी केलं असतं ते एका शिंपिणीने सव्वा महिन्यात केलं, आणि नाव घेऊन ती पुन्हा ठाण्यात गेली. इन्स्पेक्टर बदलला होता. नव्या साहेबाने फाईल उलटीपालटी केली. “कौन सा पन्ना?” फायलीत पान नव्हतं. पट्टी नव्हती. प्रेत बेवारस म्हणून केव्हाच जाळलं होतं. गीताबाई म्हणाल्या, निदान ‘अनोळखी’ खोडून पद्मावती तरी लिहा. तो म्हणाला, “रिश्तेदार लाओ, फिर लिखते.” त्या बाहेर पडल्या तर मागोमाग हवालदार फाटकापर्यंत धावत आला. त्यांना वाटलं, काहीतरी सापडलं. त्याला विचारायचं होतं, उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आत बायकोचा ब्लाउज शिवून मिळेल का.

तोही त्यांनी शिवला. खालचा हुक उलटा लावला.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी संतापून काय काय बोलले! पोलीस, सरकार, हे शहर, कुणाला सोडलं नाही. त्या मशीन चालवत होत्या. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “पानी पिता का, ताई?” मी प्यायले.

त्यानंतर त्यांची वही बदलली. नवं गिऱ्हाईक आलं की आधी नाव, मग बापाचं नाव, गाव, इथला पत्ता, आणि मग माप. एवढ्यावर थांबत्या तर चाललं असतं. त्या ब्लाउजच्या आतल्या पट्टीत, हुकांच्या मागे, दोऱ्याने त्या बाईचं नाव काढायला लागल्या. मराठी बाईचं मराठीत. तेलुगू, उर्दू असेल तर कुणाकडून तरी कागदावर लिहून घेऊन, अक्षर न् अक्षर गिरवून. कुणी विचारलं तर सांगायच्या, असू द्या, हरवला तर सापडंल. बायकांना वाटायचं ब्लाउज हरवण्याबद्दल बोलतायत. मग कुठूनतरी खरं कारण फुटलं. मेलेल्या बाईचं काहीतरी मनावर घेतलंय म्हणे, अपशकुन नको, म्हणून निम्मी गिऱ्हाइकं गेली. उरलेली तयार कपड्यांच्या नव्या दुकानांनी नेली. काचेची दारं, आत गारवा, बाईचा खांदा कसा का असेना, माप तीनच : लहान, मध्यम, मोठं.

जांभळा ब्लाउज खुंटीवरच राहिला. अधूनमधून त्या तो झटकून पुन्हा टांगायच्या.

१९९८ साली उन्हाळ्यात वरंगळकडची एक नवी नवरी त्यांच्याकडे शिवायला आली. नाव श्रीलता, वर्ष झालं नव्हतं लग्नाला. दुसऱ्या खेपेला ती कापड टाकून निघत होती, तेव्हा खाली गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. गीताबाई मला म्हणाल्या, हॉर्न ऐकूनच त्यांचे पाय मशीनवर थांबले. तो वर आला. आता स्कूटर गेली होती, मोटार आली होती, अंगावर पांढरा सफारी. भुवईतला व्रण तसाच. या वेळी त्याने पडदा सारला नाही, बाहेर उभा राहिला. खुंटीकडे बघून म्हणाला, “अच्छा रंग है. किसका है?”

“गिराक आनेवाली है,” गीताबाई म्हणाल्या.

“इनको भी ऐसाइच सी दो,” तो म्हणाला आणि बायकोला घेऊन खाली उतरला. त्याने त्यांना ओळखलं नसेल, किंवा ओळखूनही काही वाटलं नसेल. तीन वर्षांत त्याला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. त्याने कशाला घाबरावं?

गीताबाई दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेल्या. तिथे कॉम्प्युटर आला होता, प्लास्टिकच्या झाकणाखाली. एक तरुण पोलीस मोठ्या अदबीने म्हणाला, जुन्या केसेस सगळ्या यात भरायच्या आहेत, भरून झाल्या की या. तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या आणि सगळं सांगितलं. या वेळी आत येऊन बसल्या. मी श्रीकांतला विचारलं नाही. म्हणाले, “गीताबाई, चला, आत्ता जाऊ. मी सांगते मी त्याला पाहिलं होतं. लिहून देते.”

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. “आता काय सांगता, ताई,” त्या म्हणाल्या. “पान न्हाई. मुद्देमालबी जाळून टाकलाय म्हने, जागा न्हवती. तुमी सांगाल, मी त्याला बगितला. त्ये पुसतील, कुनासंगं? काय दावाल?”

त्या घरी गेल्या आणि त्यांनी श्रीलताचे चारही ब्लाउज शिवून दिले. आतल्या पट्टीत तिचं नाव काढलं, बापाचं नाव काढलं, गाव काढलं. नवऱ्याचं नाव काढलं, आणि त्याच्या मोटारीचा नंबरही. निवृत्तीने नंबर खाली जाऊन बघून आणला होता, आणि तेलुगू अक्षरं त्यानेच कागदावर काढून दिली होती. श्रीलताला त्या म्हणाल्या, धुताना आतून घासू नको, दोरा उसवंल. दोनेक वर्षं ती येत होती. नंतर ते लोक घर बदलून कुठे गेले, ठाऊक नाही.

त्याच दिवसांत माझेही दोन ब्लाउज त्यांच्याकडे होते. आणायला गेले तेव्हा मशीनवर बेतलेल्या कापडांचा ढीग होता. आता उरलेल्या गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकीचं नाव आतून होतंच. मी माझा ब्लाउज उलटा केला. खालचा हुक उलटा, शिवण सरळ, पट्टी कोरी. दुसराही बघितला. कोरा. मग घरी जाऊन मागच्या तीन वर्षांतले सगळे काढून बघितले. एकातही माझं नाव नव्हतं.

पुढच्या खेपेला मी विचारलंच. हसत विचारलं, गंमत केल्यासारखं. “काय हो, सगळ्यांची नावं घालता, माझंच कसं विसरलात?”

गीताबाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

“तुमचं कशाला, ताई?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “तुमाला काई झालं तर साहेब खुर्ची सोडून उटल. तुमी कोन हाव त्ये सांगाया सगळी येतील. मी बी येईन.”

मग त्यांनी मला हात वर करायला सांगितलं आणि टेप माझ्या पाठीवरून फिरवली.